अन्नसुरक्षेचा कायदा सेंद्रिय शेतीला नेमका कुठे आडवा येतो?

मूळ प्रश्न असा आहे: अन्नसुरक्षेचे कायदे जगभर कडक होत असताना सेंद्रिय शेती, विशेषतः लहान शेतकऱ्याची, हळूहळू अशक्य होऊन बसेल का, आणि शेतकऱ्याकडे सेंद्रिय प्रमाणपत्र असताना त्याच्यावर सुरक्षिततेची दुसरी नियमावली लादण्याचे कारण काय? सेंद्रिय प्रमाणीकरणाची तपासणी करणे आणि उत्पादक गटांना नियमांचे पालन करायला साहाय्य करणे हे माझे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो, आणि बहुतेक वेळा तो भीतीच्या सुरात विचारला जातो. भीतीला आधार आहे. मात्र ती ज्या दिशेला बोट दाखवते तिथे धोका फारसा नसतो.

आधी अफवेबद्दल. २००९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात रोझा डेलॉरो यांनी एच. आर. ८७५ हे अन्नसुरक्षेचे विधेयक मांडले, तेव्हा त्याने सेंद्रिय शेती आणि परसबागाही बेकायदा ठरतील असा मजकूर ईमेलमधून सर्वत्र फिरला. विधेयकात तशी तरतूद नव्हती आणि ते मतदानापर्यंतही पोचले नाही. ४ जानेवारी २०११ रोजी ज्या वेगळ्या विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली, त्या अन्नसुरक्षा आधुनिकीकरण कायद्यात तर उलट असे स्पष्ट लिहिले आहे की प्रमाणित सेंद्रिय उत्पादनाच्या बाबतीत राष्ट्रीय सेंद्रिय कार्यक्रमाशी (म्हणजे तिथल्या सरकारी सेंद्रिय नियमावलीशी) विसंगत ठरतील किंवा त्याचीच पुनरावृत्ती करतील अशा अटी घालू नयेत. थोडक्यात, कायदा करणारे सेंद्रिय शेतीच्या वाईटावर टपलेले असतात हे चित्र खरे नाही. त्रास होतो तो कलमांखालच्या नियमांत, नियमांमधल्या दिवसांच्या आणि अंशांच्या आकड्यांत, आणि त्याहूनही जास्त खरेदीदारांनी स्वतःहून घातलेल्या अटींत.

आता प्रश्नाचा दुसरा भाग. सेंद्रिय प्रमाणपत्र हे उत्पादनपद्धतीचे प्रमाणपत्र आहे. संश्लेषित कीटकनाशके आणि रासायनिक खते वापरली नाहीत, संक्रमणकाळ (रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीकडे जाण्याचा ठरावीक काळ) पाळला, नोंदी ठेवल्या, सेंद्रिय आणि असेंद्रिय माल एकत्र केला नाही, एवढेच ते सांगते. हाती आलेल्या भाजीवर साल्मोनेला हा रोगकारक जिवाणू आहे की नाही, हा प्रश्न ते विचारतच नाही. अमेरिकेचा १९९० चा सेंद्रिय अन्न उत्पादन कायदा काय किंवा कोडेक्स या अन्नमानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची १९९९ ची सेंद्रिय अन्नाबाबतची मार्गदर्शक तत्त्वे काय, यांपैकी कोणीही ‘सेंद्रिय म्हणजे सुरक्षित’ असे म्हटलेले नाही. अन्नसुरक्षेचा कायदा मात्र फक्त धोका पाहतो: रोगजंतू, विषारी अवशेष, बुरशीजन्य विषे, जड धातू, बाह्य वस्तू. हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि एकाच्या उत्तराने दुसरा सुटत नाही.

सेंद्रिय चळवळीतील अनेकांना हे ऐकायला आवडत नाही, म्हणून एक उदाहरण जरा तपशिलात देतो. २०११ च्या मे महिन्यात उत्तर जर्मनीत ई. कोलाय या जिवाणूच्या ओ१०४:एच४ या घातक प्रकाराची साथ पसरली. सुमारे चार हजार माणसे आजारी पडली, पन्नासहून अधिक दगावली आणि आठशेहून अधिक रुग्णांमध्ये मूत्रपिंडे निकामी होण्यापर्यंत मजल गेली. सुरुवातीला संशय स्पेनच्या काकड्यांवर घेतला गेला आणि तिथल्या उत्पादकांचे अतोनात नुकसान झाले. पुढे शोध लोअर सॅक्सनीतल्या एका सेंद्रिय शेतावर तयार होणाऱ्या मोडांपर्यंत, आणि तिथून मागे इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियाण्यापर्यंत जाऊन थांबला. त्या शेताने सेंद्रिय नियम मोडल्यामुळे हे घडले नव्हते. मोड आणण्याची उबदार, दमट अवस्था माणसाला मोडासाठी हवी असते तशीच जंतूलाही वाढीसाठी हवी असते, आणि बियाण्यावर आधीपासून असलेला थोडासा संसर्गही तिथे प्रचंड वाढतो. त्यानंतर युरोपीय संघाने २०१३ मध्ये मोड आणि मोडांसाठीचे बियाणे यांचा माग ठेवण्याचे, आयातीच्या दाखल्याचे आणि जंतुतपासणीचे स्वतंत्र नियम केले. हे नियम सेंद्रिय उत्पादकांनाही लागू झाले आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

याउलट, कायद्यापेक्षा बाजार कसा जास्त कडक होतो हे पाहायचे तर २००६ ची पालकाची घटना पाहावी. कॅलिफोर्नियातील पिशवीबंद कोवळ्या पालकातून ई. कोलाय ओ१५७:एच७ पसरला, सुमारे दोनशे लोक आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. ज्या जमिनीकडे बोट दाखवले गेले ती सेंद्रिय संक्रमणकाळात होती, तरी माल सेंद्रिय म्हणून विकलेला नव्हता. आसपास गुरांचे चराऊ रान होते, रानडुकरांचा वावर होता आणि पाण्याचे प्रवाह जवळ होते. नेमका मार्ग कोणता, हे निश्चित झाले नाही. २००७ मध्ये पालेभाज्यांच्या व्यापाऱ्यांनी आपसात करार करून शेतीचे निकष ठरवले. तेवढ्यावर न थांबता मोठ्या खरेदीदारांनी आपल्या वेगळ्या अटी जोडल्या, कारण पुन्हा अशी घटना घडली तर आपले नाव त्यात यायला नको होते. शेताभोवती झाडेझुडपे नकोत, कुंपणालगत गवत नको, तळ्यात बेडूक नकोत, हरणाच्या पावलाचा ठसा दिसला तर आजूबाजूचे पीक सोडून द्या, अशा त्या अटी होत्या.

इथे सेंद्रिय शेतकऱ्याची खरी कोंडी झाली. सेंद्रिय मानके जैवविविधता राखायला सांगतात. बांधावरची फुलझाडे मित्रकीटकांना आसरा देतात आणि ओढ्याकाठची झाडी गाळ व वाहून येणारे शेण अडवते. खरेदीदार तेच उपटायला सांगत होता. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यातील अनेकांनी ते उपटलेही. पुढे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्या भागातील चाचण्यांचा अभ्यास झाला, तेव्हा वनस्पती काढल्याने रोगजंतूंचे प्रमाण घटल्याचे दिसले नाही. उलट जिथे ती काढली होती तिथे काळाच्या ओघात ते अधिक वाढल्याचे आढळले. अमेरिकेच्या २०११ च्या कायद्याखाली झालेल्या अंतिम भाजी-फळ सुरक्षा नियमांतही शेताच्या कडा साफ करण्याची किंवा वन्यप्राण्यांना शेताबाहेर ठेवण्याची सक्ती नाही. म्हणजे सरकारी नियम निसर्गाशी सबुरीने वागतो आणि खासगी करारपत्र वागत नाही. शेतकरी राग काढतो तो सरकारवर, कारण करारपत्र देणाऱ्यावर काढला तर माल कोण घेणार?

खताचा मुद्दा याहून मूलभूत आहे, कारण जनावरांच्या शेणाशिवाय बहुतेक सेंद्रिय शेती उभीच राहत नाही. कच्चे शेण टाकल्यानंतर काढणीपर्यंत किती काळ जाऊ द्यावा, यावर अमेरिकेत जो वाद झाला तो प्रत्येक सेंद्रिय शेतकऱ्याने समजून घेण्यासारखा आहे. तिथला सेंद्रिय नियम सांगतो की पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागत असेल तर काढणीच्या किमान १२० दिवस आधी, आणि लागत नसेल तर ९० दिवस आधी कच्चे शेण जमिनीत मिसळलेले असावे. भाजी-फळ सुरक्षा नियमांच्या २०१३ च्या मसुद्यात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने हे अंतर नऊ महिन्यांचे सुचवले, आणि व्यवस्थित कुजवलेल्या कंपोस्टलाही ४५ दिवसांची वाट पाहायला लावली. ज्या भागात पिकाचा हंगामच चार-पाच महिन्यांचा असतो तिथे नऊ महिन्यांची अट म्हणजे कच्च्या शेणावर बंदीच. हरकतींचा पाऊस पडल्यावर २०१४ मध्ये कंपोस्टची अट मागे घेतली गेली, नऊ महिन्यांचा प्रश्न पुढील संशोधनापर्यंत बाजूला ठेवला गेला आणि तोपर्यंत ९० व १२० दिवसांचे सेंद्रिय अंतर पाळणाऱ्यांना आमची हरकत नाही, असे प्रशासनाने जाहीर केले.

शेतकऱ्यांच्या संघटनांनी हे आपले यश मानले, आणि ते होतेच; पण १२० दिवसांत जंतू संपतातच असे समजणे धाडसाचे आहे. जंतू किती तगतो हे तापमान, ओलावा, मातीचा पोत, ऊन आणि शेण पृष्ठभागावर पडले की मातीत गाडले, यावर अवलंबून असते. थंड व ओल्या जमिनीत तो उष्ण व कोरड्या जमिनीपेक्षा बराच जास्त काळ जिवंत राहतो. त्यामुळे माझा आग्रह नेहमी चांगल्या कंपोस्टचा असतो. ढिगाचे तापमान ५५ ते ७७ अंश सेल्सिअस राहावे. बंदिस्त किंवा हवा खेळवलेल्या स्थिर पद्धतीत ते तीन दिवस, आणि उघड्या लांब ढिगात पंधरा दिवस टिकावे, त्या काळात ढीग किमान पाच वेळा उलटावा, आणि सुरुवातीचे कर्ब-नत्र गुणोत्तर २५:१ ते ४०:१ असावे, हा अमेरिकी सेंद्रिय नियमातला निकष जगात कुठेही वापरता येण्यासारखा आहे. ढीग उलटण्याचे कारण साधे आहे: बाहेरचा गार थर आत गेल्याशिवाय तो तापत नाही, आणि न तापलेल्या थरातले जंतू सगळ्या ढिगात पुन्हा पसरू शकतात. वर्षभर कोपऱ्यात पडून राहिलेले शेणखत कितीही काळे व भुसभुशीत दिसले तरी कायद्याच्या दृष्टीने ते कच्चेच, कारण त्याच्या तापमानाची नोंद नाही. गांडूळखताचीही हीच अडचण आहे. गांडुळे जगावीत म्हणून ते तापू दिलेले नसते.

आंबवलेल्या द्रवरूप खतांबद्दल थोडे स्पष्ट बोलावे लागेल, कारण इथे श्रद्धा फार आणि मोजमाप कमी असते. शेणाच्या द्रावणात किंवा कंपोस्टच्या अर्कात गूळ, मळी यांसारखा गोड पदार्थ घातला की उपयुक्त सूक्ष्मजीव वाढतात हे खरे. मात्र मूळ पदार्थात रोगकारक ई. कोलाय किंवा साल्मोनेला असेल तर तोही त्याच गोडावर वाढू शकतो. असे द्रावण पेरणीपूर्वी जमिनीत देणे वेगळे आणि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाजीवर काढणीच्या आठवड्यात फवारणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला कोणत्याही सेंद्रिय परंपरेचा हवाला देऊन माझ्याकडून अनुकूल शेरा मिळत नाही.

पाण्याबद्दल एवढेच की अमेरिकेने आधी ठरवलेले जंतुसंख्येचे आकडे काढणीपूर्व सिंचनापुरते २०२४ मध्ये मागे घेतले आणि त्यांच्या जागी शेतकऱ्याने दरवर्षी आपल्या जलस्रोताचे, सिंचनपद्धतीचे आणि आजूबाजूच्या जमिनीचे लेखी मूल्यमापन करावे अशी रचना आणली. ठिबक वापरणाऱ्याला आणि तुषार सिंचन वापरणाऱ्याला एकाच आकड्याने मोजण्यापेक्षा हे शहाणपणाचे आहे.

आता कीटकनाशकांच्या अवशेषांकडे येतो, कारण प्रमाणपत्रे सर्वांत जास्त इथेच अडकतात. जो शेतकरी कीटकनाशक वापरतच नाही त्याला अवशेषांच्या कायद्याची काय चिंता, असे वाटते. प्रत्यक्षात त्याचीच चिंता जास्त असते. शेजारच्या फवारणीचे तुषार वाऱ्याने येतात, कालव्याच्या पाण्यातून अंश येतात, जुन्या काळात टाकलेली टिकाऊ कीटकनाशके मातीत वर्षानुवर्षे राहतात, आणि रिकामी गोणी किंवा आधी दुसऱ्याचा माल वाहिलेला ट्रकही नमुना बिघडवू शकतो. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला दर किलोला ०.०१ मिलिग्रॅम ही सरसकट मर्यादा लागते. अमेरिकेत अवशेष सर्वसाधारण (म्हणजे सेंद्रिय नसलेल्या मालाच्या) मर्यादेच्या ५ टक्क्यांहून जास्त निघाले तर तो माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. भारतातही २०१७ च्या सेंद्रिय अन्न नियमांनी कीटकनाशकांसाठी सर्वसाधारण मर्यादेच्या ५ टक्के किंवा प्रयोगशाळेला मोजता येणारी किमान पातळी, यांपैकी जे जास्त असेल ते प्रमाण मानले आहे. युरोपच्या २०१८/८४८ या नियमावलीने, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, संपूर्ण संघासाठी असा एकच उंबरठा ठरवलेला नाही. तिथे परवानगी नसलेला पदार्थ आढळणे हेच चौकशीला पुरेसे आहे, आणि चौकशी संपेपर्यंत माल सेंद्रिय म्हणून बाजारात जात नाही. नाशवंत माल असेल तर निकाल शेतकऱ्याच्या बाजूने लागूनही काही उपयोग होत नाही. दूषित करणारा शेजारी आणि खर्च मात्र सेंद्रिय शेतकऱ्याचा, हा या सर्व व्यवस्थेतला मला सर्वांत अन्यायकारक वाटणारा भाग आहे. बफर पट्टा, म्हणजे शेजारच्या शेतालगतची संरक्षक पट्टी, त्याने आपल्याच जमिनीतून सोडायचा, त्यातले पीक सेंद्रिय म्हणून विकायचे नाही आणि तपासणीचे शुल्कही त्यानेच भरायचे.

एक कायदा पाळताना दुसरा कसा मोडतो याचे तिळाइतके बोलके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. सुक्या बियांमध्ये साल्मोनेला सापडणे ही जुनी डोकेदुखी आहे आणि तो मारण्यासाठी काही ठिकाणी इथिलीन ऑक्साइड या वायूची धुरी दिली जाते. युरोपात हा वायू अन्नासाठी वापरायला मनाई आहे. २०२० च्या सप्टेंबरात बेल्जियमने भारतीय तिळात त्याचे अवशेष सापडल्याची सूचना दिली, ऑक्टोबरपासून भारतातून येणाऱ्या तिळाच्या निम्म्या खेपा तपासण्याचा नियम झाला आणि पाव, बिस्किटे, तिळाची पेस्ट अशी असंख्य उत्पादने परत मागवली गेली. त्यांत सेंद्रिय म्हणून विकलेलीही होती. शेतात तीळ पिकवणाऱ्याचा या वायूशी संबंध नसतो. धुरी गोदामात किंवा प्रक्रियेच्या जागी दिली जाते. सेंद्रिय मालाला विकिरणही (किरणांचा मारा करून जंतू मारणेही) चालत नाही. उरतो तो मुख्यतः वाफेचा मार्ग, जो उत्तम आहे पण यंत्रसामग्री मागतो, आणि अशी यंत्रे लहान गटाच्या आवाक्यात क्वचितच असतात.

त्यामुळे आकारमानाचा प्रश्न टाळता येत नाही. नोंदवही, पाण्याची चाचणी, कामगारांचे प्रशिक्षण, हात धुण्याची सोय, बाहेरच्या तपासनीसाची भेट, यांचा खर्च शेत दोन हेक्टरचे असो वा दोनशे, जवळपास ठरलेला असतो. म्हणून समजूतदार कायदे सवलतीची रेषा आखतात. अमेरिकेत तेव्हाचे सिनेटर जॉन टेस्टर यांच्या दुरुस्तीमुळे सरासरी वार्षिक अन्नविक्री ५ लाख डॉलरांपेक्षा कमी असलेल्या आणि निम्म्याहून अधिक माल थेट ग्राहकांना, अथवा त्याच राज्यातल्या किंवा २७५ मैलांच्या आतल्या उपाहारगृहांना व किरकोळ दुकानांना विकणाऱ्या शेतांना बहुतांश नियमांतून सूट मिळते. बदल्यात शेताचे नाव आणि पत्ता ग्राहकाला दिसला पाहिजे, आणि साथीशी संबंध आढळला तर सूट काढून घेता येते. युरोपचा २००४ चा स्वच्छता नियमही उत्पादकाने ग्राहकाला थेट दिलेल्या थोड्या प्राथमिक मालाला वगळतो. भारताचा २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा तर शेतकरी आणि शेतपातळीवरचे उत्पादन यांना मुळातच आपल्या कक्षेबाहेर ठेवतो, आणि २०१७ चे नियम थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान उत्पादकाला सेंद्रिय प्रमाणपत्राच्या सक्तीतून सोडतात.

सवलती वाचून निश्चिंत होणाऱ्यांना मी एक गोष्ट दाखवतो: रेषा बहुधा शेताच्या आकारावर नसून कामाच्या स्वरूपावर असते. धान्य विकले तर प्राथमिक उत्पादन; तेच दळून, भाजून किंवा तेल काढून पिशवीत भरले की अन्नव्यवसाय, आणि मग परवाना, लेबल, जागेची तपासणी सगळे लागू. शेतकऱ्याला मूल्यवर्धनाचा सल्ला देणारे कार्यक्रम हा भाग सांगायला विसरतात. शेजाऱ्याचा माल आपल्याबरोबर विकायला घेतला तरीही अनेक ठिकाणी कायद्याच्या नजरेत आपली भूमिका बदलते. गट प्रमाणीकरणातही, म्हणजे अनेक लहान शेतकऱ्यांनी मिळून एकच प्रमाणपत्र घेण्यातही, रेषा सरकते आहे. युरोपच्या नव्या नियमावलीत गटाची सदस्यसंख्या २००० पर्यंतच आणि गट स्वतः कायदेशीर व्यक्ती (म्हणजे कायद्याने मान्य संस्था) असण्याची अट आली आहे. परिणामी कोणा निर्यातदाराच्या नावाने चालणाऱ्या अनेक गटांना नव्याने संस्था उभारावी लागली. मला व्यक्तिशः हा बदल आवडतो, कारण त्याने प्रमाणपत्र उत्पादकांच्या हातात येते. पण संस्था चालवण्याचे काम कोणी शिकवले नाही तर तेही कागदावरच राहते.

कागद आणि सुरक्षितता यांच्यातले अंतर २०११ च्या कोलोरॅडोतील खरबुजांनी दाखवून दिले. लिस्टेरिया या रोगकारक जिवाणूच्या त्या साथीत ३३ मृत्यूंची नोंद झाली. त्या पॅकिंगगृहाला साथीच्या थोडेच दिवस आधी खासगी लेखापरीक्षणात उत्तम शेरा मिळाला होता. नंतर सरकारी तपासात जमिनीवर साचलेले पाणी आणि नीट साफ न होणारी यंत्रे आढळली. ते शेत सेंद्रिय नव्हते, पण धडा सर्वांना लागू आहे: गुण मोजणाऱ्या तपासणीपेक्षा पॅकिंगची जागा कोरडी आणि धुता येण्याजोगी असणे जास्त मोलाचे.

मग शेतकऱ्याने करायचे काय? दोन नियमावल्यांसाठी दोन वह्या ठेवू नयेत. खत केव्हा, कुठे, किती टाकले आणि ढिगाचे तापमान किती होते, ही एकच नोंद सेंद्रिय तपासनीसालाही लागते आणि अन्नसुरक्षेच्या अधिकाऱ्यालाही. कच्चे शेण शक्यतो शिजवून खाल्ल्या जाणाऱ्या किंवा उंच वाढणाऱ्या पिकांना द्यावे आणि पालेभाज्या, कंदमुळे यांच्यासाठी तापवलेले कंपोस्ट राखून ठेवावे. खरेदीदाराशी करार करण्यापूर्वी त्याची अन्नसुरक्षेची अट लेखी मागवावी आणि कायद्यापेक्षा ती कुठे जास्त आहे हे विचारावे. बांध साफ करण्याची अट असेल तर ती तिथेच नाकारावी, कारण सही झाल्यावर ती नाकारता येत नाही. शेजाऱ्याला बफर पट्ट्याची माहिती लेखी द्यावी आणि तो फवारणी करताना दिसला तर तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा लिहून ठेवावी. प्रत्येक खेपेचा सीलबंद नमुना आपल्याकडे राखावा. अवशेष सापडल्याचे पत्र येते तेव्हा दूषितता शेतात झाली की वाटेत, हे दाखवण्याचे दुसरे साधन शेतकऱ्याच्या हाती सहसा नसते, आणि नमुना त्याच प्रयोगशाळेत त्याच पद्धतीने तपासून घेतला तरच चौकशीत त्याची दखल घेतली जाण्याची शक्यता असते.